डॅश-डब्ल्यू लावून भागेल का? एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

सर्व्हरवरील फायरवॉलचे (नेटवर्कवरील ये-जा अडवणाऱ्या किंवा सोडणाऱ्या यंत्रणेचे) नियम बदलण्याचा अधिकार शक्यतो एकाच प्रोग्रामकडे असावा, या माझ्या मतावर आपण साक्रीहून सविस्तर आक्षेप नोंदवलात, त्याबद्दल आभार. आपले म्हणणे थोडक्यात असे, की आयपीटेबल्स या लिनक्समधील फायरवॉलचे नियम बदलणाऱ्या प्रोग्रामच्या प्रत्येक आदेशाला डॅश-डब्ल्यू (-w, म्हणजे दुसऱ्याचे काम संपेपर्यंत थांबण्याची सूचना) जोडले की काम भागते, एनएफटेबल्स या त्याच्या नव्या वारसदारावर गेल्यास तेवढेही करावे लागत नाही, आणि जिनिंग मिलमधल्या एकुलत्या एका सर्व्हरसाठी एवढा खटाटोप म्हणजे राईचा पर्वत आहे.

डॅश-डब्ल्यू लावावे, याबद्दल दुमत नाही. जुने आयपीटेबल्स एक नियम घालण्यासाठीसुद्धा कर्नलकडून (लिनक्सच्या गाभ्याकडून) नियमांचे संपूर्ण टेबल वाचून घेते आणि बदलून परत लिहिते. दोघांनी एकाच वेळी तसे केले तर एकाचा बदल दुसरा पुसतो, म्हणून 2013 मध्ये 1.4.20 या आवृत्तीत एका वेळी एकालाच बदल करू देणारे कुलूप आले. कुलूप दुसऱ्याकडे असेल आणि डॅश-डब्ल्यू नसेल, तर आदेश 4 हा एक्झिट कोड (अपयश कळवणारा आकडा) देऊन बाहेर पडतो, आणि तो कोड न तपासणारी स्क्रिप्ट एक नियम कमी ठेवून खुशाल पुढे जाते. परंतु हे कुलूप एका आदेशापुरतेच असते. आपली स्क्रिप्ट आयपीटेबल्स-सेव्हने नियम फाइलमध्ये घेते, फाइल बदलते आणि आयपीटेबल्स-रिस्टोअरने परत भरते, असे समजा. या दोन आदेशांच्या मधल्या क्षणी फेल-टू-बॅनने (वारंवार चुकीचे लॉगिन करणारे पत्ते अडवणाऱ्या प्रोग्रामने) एखादा हल्लेखोर पत्ता अडवला, तर रिस्टोअर तो नियम पुसून टाकते. दोघांनीही कुलूप शिस्तीत पाळलेले असते, कोणालाही त्रुटी दिसत नाही, आणि तो पत्ता मोकळा होतो.

असे कितीदा घडणार, असे आपण विचारता. आपल्याकडे वीज जाते, यूपीएस दम तोडतो, आणि वीज परतल्यावर डॉकर (प्रोग्राम कंटेनर नावाच्या वेगळ्या कप्प्यांत चालवणारी प्रणाली), फेल-टू-बॅन आणि आपली स्क्रिप्ट मागेपुढे नव्हे, तर एकाच झटक्यात सुरू होतात. टक्कर होण्यासाठी याहून सोयीची वेळ नाही.

एनएफटेबल्सचे आपले कौतुक योग्य आहे. एका फाइलमधील सर्व बदल तेथे एकच व्यवहार म्हणून लागू होतात, म्हणजे होतील तर सगळे, नाहीतर एकही नाही. मात्र डेबियन या लिनक्स प्रकारातील मूळ एनएफटेबल्स फाइलचा आरंभच ‘फ्लश रूलसेट’ने, म्हणजे सर्व नियम पुसण्याच्या आदेशाने, होतो. ती सेवा रीस्टार्ट केली की इतरांचे नियमही जातात, आणि तेही अगदी निर्दोष व्यवहारात! तेथे फक्त आपले टेबल पुसून पुन्हा भरावे.

पांझरा नदीवरील सामूहिक सिंचनाच्या फड पद्धतीत पाटाचे पाणी पाटकरी फिरवतो, शेतकरी स्वतः बारे उघडत नाही, हे आपल्याला मी सांगायला नको. माझा आग्रह तेवढाच आहे. जेथे एकच मालक शक्य नाही, तेथे प्रत्येकाची साखळी (नियमांची यादी) वेगळी ठेवावी. डॉकरने त्यासाठी डॉकर-यूजर ही साखळी मोकळी ठेवली आहे. आपले नियम तेथे घालावेत, डॉकरच्या साखळ्यांत हात घालू नये. रिस्टोअर वापरायचेच असेल तर नो-फ्लश या न पुसण्याच्या पर्यायासह वापरावे. फाइलमध्ये नाव घेतलेली आपली साखळी तेवढी नव्याने भरली जाते, बाकीच्या तशाच राहतात.

आपल्याच दोन स्क्रिप्ट एकमेकींच्या आड येत असतील, तर फ्लॉक या आदेशाने एखाद्या फाइलवर कुलूप लावावे, पण स्वतंत्र फाइलवर. आयपीटेबल्सच्या स्वतःच्या कुलपाची एक्सटेबल्स डॉट लॉक हीच फाइल धरून ठेवली आणि आत आयपीटेबल्स डॅश-डब्ल्यू चालवले, तर जुने आयपीटेबल्स आपल्याच स्क्रिप्टच्या कुलपाची वाट पाहत अडकून बसेल.

कंटेनरमधून नियम बदलणाऱ्या प्रोग्रामविषयी आपण शेवटी विचारले आहे. त्याने होस्टचे (मूळ सर्व्हरचे) नेटवर्क वापरले तरी ही कुलूप-फाइल जेथे असते ते रन फोल्डर त्याचे स्वतःचे असते. म्हणून होस्टची एक्सटेबल्स डॉट लॉक त्यात माउंट करावी (जोडून द्यावी) लागते, आणि कुबर्नेटीस या कंटेनर सांभाळणाऱ्या प्रणालीतील क्यूब-प्रॉक्सी या नेटवर्क सांभाळणाऱ्या भागाच्या मांडणीतही ती तशीच माउंट केलेली आढळते. मात्र आधी होस्टवर व कंटेनरमध्ये, दोन्हीकडे आयपीटेबल्सची आवृत्ती छापून पाहावी. एकीकडे लेगसी (जुनी पद्धत) आणि दुसरीकडे एनएफ-टेबल्स (नवी पद्धत) असे आढळले, तर नियमांचे दोन वेगळे संच एकाच वेळी लागू आहेत असे समजावे, आणि कुलपाकडे वळण्याआधी ते एकसारखे करावे.