ठाण्याहून लाडूला घेऊन आलेल्या ताईंना, मनोरीहून

नमस्कार ताई,

मुंबईच्या मनोरी गावातल्या आमच्या होमस्टेला तुम्ही ऑनलाइन दिलेले दोन तारे आणि त्याखालचा मजकूर मी आणि माझ्या मिस्टरांनी बसून वाचला. उत्तराला चार दिवस लागले, कारण तुम्ही लिहिलेल्या एकेका गोष्टीची आधी धक्क्यावर आणि कोळीवाड्यात जाऊन चौकशी केली.

बाकीच्या वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगते. ताई, त्यांचे मिस्टर, मुलगा आणि तीन वर्षांचा लॅब्रॅडॉर लाडू नोव्हेंबरातल्या एका शनिवारी आमच्याकडे मुक्कामाला होते. त्यांच्या तक्रारी अशा: कुत्रा सोबत म्हणून खाडीपलीकडे मार्व्याच्या धक्क्यावर दोन बोटी सोडाव्या लागल्या, किनाऱ्यावर मासळीवाल्या बाया अंगावर धावून आल्या, गावच्या कुत्र्यांनी लाडूला घेरलं, त्याचा पंजा कापला तेव्हा आमच्याकडे धड औषध नव्हतं आणि निघताना सफाईचे पाचशे रुपये जादा लावले. शेवटी लिहिलंय, "डॉग फ्रेंडली बीच ही शुद्ध फसवणूक आहे."

फसवणूक हा शब्द लागला. म्हणून आमची जाहिरात उघडून पाहिली. तिथे लिहिलं होतं: 'कुत्र्यांचं स्वागत. किनारा दोन मिनिटांवर. कुत्र्याला मोकळं धावता येईल.' यातलं तिसरं वाक्य चूक आहे, आणि ते माझंच आहे. मी ते जुलैत लिहिलं होतं. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, होड्या वर ओढून ठेवलेल्या असतात, किनाऱ्यावर एक मासळी वाळत नसते. तेव्हा कुत्रा कुठेही पळाला तरी कुणाचं काही बिघडत नाही. नोव्हेंबरात तसं नसतं, आणि हे तुम्हाला फोनवर सांगायला हवं होतं. ते वाक्य मी काढून टाकलंय.

आता त्या बायांबद्दल. त्यांना तुम्ही 'कुत्र्यांचा द्वेष करणाऱ्या' म्हटलंय, म्हणून इथे जरा सविस्तर लिहिते.

आमच्याकडे दिवाळीच्या आगेमागे सुकवणीचा हंगाम उभा राहतो. बांबूच्या उंच चौकटी बांधतात, आम्ही त्यांना वलांडी म्हणतो. त्यावर दोन-दोन बोंबील जबड्यात जबडा अडकवून टांगतात. ते उंच असतात, तिथवर कुत्रा पोचत नाही. जवळा मात्र खाली असतो. डोल जाळ्यातून आलेला हा बारीक कोळंबीसारखा माल वाळूच्या वरच्या अंगाला जाळ्यावर नाहीतर कापडावर पसरतात. सकाळी तो ओला, गुलाबी, चिकट असतो. दुपारी बाया त्याला हाताने उलटापालटा करतात, खडे आणि बारीक मासे वेचून काढतात, संध्याकाळी दव पडायच्या आत गोळा करतात. माझ्या सासूबाईंनी हेच काम चाळीस वर्षं केलं, त्यांच्या बोटांची पेरं अजून खरखरीत आहेत. दूरून बघणाऱ्याला ते कापड वाळूसारखंच दिसतं, हे मला मान्य आहे.

लाडू त्या कापडावरून दोनदा धावला. मग मध्यावर थांबून त्याने पाय वर केला. तो कुत्रा आहे, त्याला नवी वास येणारी जागा दिसली, त्याचा काही दोष नाही. पण तो माल दोन उन्हं खाल्लेला होता, दुसऱ्या दिवशी बाजारात जायचा होता. माणसाने खायचा जिन्नस आहे तो. ज्या बाईचा तो माल होता, तिने अर्ध्याच्या वर टाकून दिला. ओरडली ती म्हणून. तिच्या स्वतःच्या दारात दोन कुत्री आहेत आणि दोघांना ती रोज मासळीची डोकी शिजवून घालते. तिच्या मालाचे पैसे मी दिलेत. ते तुमच्याकडे मागत नाही, कारण आधी सांगायचं काम माझं होतं. फक्त तिच्याबद्दल लिहिलेली ती ओळ तुम्हाला बदलावीशी वाटली तर बदला, एवढी विनंती.

मग तुम्ही तिकडे वर गेलातच का? खाली वाळू नव्हती म्हणून! यातही चूक आमचीच. तो दिवस संकष्टीचा होता. उपास म्हणून मी साबुदाण्याची खिचडी केली होती, त्यामुळे पक्कं लक्षात आहे. आमच्याकडे लहान पोराला पण हिशोब माहीत असतो: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. चतुर्थी म्हणजे चारची पाऊणपट, तीन. तीनला भरती. त्यातून पौर्णिमा नुकतीच उलटलेली, पाण्याला अजून उधाणाचा जोर. तुम्ही साडेतीनला लाडूला घेऊन उतरलात तेव्हा पाणी पार वर आलेलं होतं आणि चालायला उरली होती ती नेमकी सुकवणीची पट्टी. जेवण वाढताना मी "जाऊन या की किनाऱ्यावर" म्हणाले. "सहानंतर जा" म्हणायला हवं होतं.

कुत्र्याला घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला मी आता तिथी बघून तारीख देणार आहे. पौर्णिमा-अमावास्येला भरती बाराच्या सुमाराला असते, म्हणजे सकाळी सहाला आणि संध्याकाळी सहाला ओहोटी. उजाडताना पाणी लांब मागे गेलेलं असतं, ओली घट्ट वाळू असते, पाय रुतत नाहीत, ऊन नसतं, आणि सुकवणीच्या पट्टीपासून तुम्ही पुष्कळ खाली असता. लाडूसारख्या कुत्र्यासाठी मनोरीत याहून चांगली वेळ नाही. अष्टमीला उलटं, सकाळ-संध्याकाळ भरती आणि ओहोटी ऐन दुपारी. बाराच्या वाळूवर स्वतःचा तळहात पालथा ठेवून बघा, पाच-सात सेकंद टेकवता आला नाही तर त्या वाळूवर कुत्र्याचे पंजेही भाजतात. अष्टमीच्या आसपास मी कुत्रेवाल्यांना खोली देणारच नाही.

गोराईचा किनारा का नाही सुचवला, असंही तुम्ही विचारलंय. शनिवार-रविवारी तिकडे गर्दी फार असते. मुलं, खाण्याच्या गाड्या, वाळूत पडलेल्या फुटक्या बाटल्या. मंगळवार-बुधवारी आलात तर मी स्वतः सुचवीन.

गावच्या कुत्र्यांचं प्रकरण खरं आहे, ते मी नाकारत नाही. किनाऱ्याचा एकेक तुकडा त्यांनी वाटून घेतलेला आहे आणि परका कुत्रा आला की चार-पाच जण मिळून सामोरे येतात. तुमच्या मिस्टरांनी घाबरून लाडूला उचलायचा प्रयत्न केला. तीस किलोचं जनावर, शिवाय उचललं की खालची कुत्री उड्या मारतात. अशा वेळी साखळी ताणायची नाही, पळायचं नाही, त्यांच्याकडे रोखून बघायचं नाही, आल्या वाटेने सावकाश मागे फिरायचं. पहिल्या फेरीला आमचा मुलगा सोबत आला असता तर हे झालंच नसतं. ती कुत्री त्याला ओळखतात, त्याच्या सोबतीचा पाहुणा त्यांना चालतो. यापुढे पहिली फेरी त्याच्याशिवाय नाही, हा आमचा नियम. आणि येणाऱ्यांनी रेबीजची लस झालेली आहे ना हे बघून, गोचिडांचं औषध लावूनच यावं. किनाऱ्याच्या कुत्र्यांवर गोचीड असतोच.

पंज्याचं मला मनापासून वाईट वाटलं. तुम्ही लिहिलंय काचेने कापला. तुम्ही गेल्यावर मी ती जागा पाहून आले, तिथे काच नाही. खडकाला कालवं, म्हणजे शिंपले, चिकटलेली आहेत, त्यांची कड ब्लेडसारखी असते. आम्ही त्यावरून चपलेशिवाय जात नाही. मी हळद आणली तेव्हा तुम्ही रागावलात, ते बरोबरच होतं. गोड्या पाण्याने जखम धुवायला हवी होती, आत शिंपल्याचा कपचा राहिलाय का बघायला हवं होतं, मग जंतुनाशक आणि पट्टी. आता ही पेटी ओटीवरच ठेवलीय. त्यात चिमटाही आहे, कारण जाळ्यातून टाकलेल्या शिंगाळा माशाचा काटा पंज्यात घुसतो, तो नखाने निघत नाही. रात्री-अपरात्री जनावरांचा डॉक्टर लागला तर खाडी ओलांडून मालाड नाहीतर रस्त्याने भाईंदर गाठावं लागतं, हेही आता बुकिंगच्या वेळीच सांगते.

याच ओघात एक, तुमच्यासाठी नाही, सगळ्यांसाठी. किनाऱ्यावर मेलेला मासा दिसला तर कुत्र्याला हुंगूही देऊ नका. जाळ्यातला केंड कोळी तिथेच फेकून देतात. पोट फुगलेला, सशासारखे दात असलेला मासा. तो विषारी असतो, आमच्याकडे कुणी खात नाही. पावसाळ्यात जेलीफिशसारखे दिसणारे निळ्या फुग्यासारखे जीव वाहून येतात, ते मेलेले असले तरी डसतात. आणि प्यायचं पाणी बरोबर न्या. तहानलेला कुत्रा समुद्राचं पाणी पितो आणि रात्रभर उलट्या-जुलाब होतात. लाडूला शनिवारी रात्री उलटी झाली ती आमच्या भातामुळे, असं तुमचं म्हणणं आहे. तो भात बिनमिठाचा, नुसत्या उकडलेल्या कोंबडीचा होता आणि आमच्या कुत्रीनेही तोच खाल्ला. पाण्यात खेळताना लाडू बराच वेळ तोंड उघडं ठेवून लाटा पकडत होता, तुमच्याच मुलाने काढलेल्या व्हिडिओत ते दिसतं.

बोटीचं सांगते. मार्वे ते मनोरी पाच-दहा मिनिटांची खाडी, पण शनिवारी दुपारी त्या बोटीत मासळीच्या टोपल्या, दुचाक्या, शाळेची पोरं, सगळं एकदम असतं. नावाड्याने तुम्हाला नाही म्हटलं नव्हतं, "गर्दी उतरू द्या" म्हणाला होता. कुत्र्याला घाबरणारं एखादं लेकरू कडेला सरकलं तर काय, ही त्याची भीती. तरी तुमचा पाऊण तास गेला हे खरंच. खरं म्हणजे ठाण्याहून येणाऱ्याला मी बोट सुचवायलाच नको होती. घोडबंदरने काशीमिरा, तिथून भाईंदर, उत्तन, गोराई करत गाडी थेट आमच्या दारात येते. लोकांना बेटावर बोटीने उतरायची हौस असते म्हणून मी सगळ्यांना मार्वेच सांगत आले. हे जुनं धारावी बेट (मुंबईतली झोपडपट्टीची धारावी वेगळी), १७३९ साली चिमाजी अप्पांनी पोर्तुगीजांकडून घेतलं ते. पूर्वेला खाडी आणि मिठागरं, पश्चिमेला समुद्र. पण आता भाईंदरकडून पक्का रस्ता आहे, आणि कुत्रा सोबत असेल तर तोच बरा. बोटीनेच यायचं असेल तर सकाळी लवकर या, साखळी आखूड धरा, कुत्र्याला मधल्या बाजूला बसवा.

सफाईचे पाचशे रुपये आधी सांगितले नव्हते. म्हणून ते आज सकाळी तुमच्या खात्यावर परत केलेत. पुढे ही रक्कम दरपत्रकातच लिहिलेली असेल आणि ती घेऊ, कारण ओल्या कुत्र्याने लोळलेल्या गाद्या दोन उन्हं दाखवल्याशिवाय पुढच्या पाहुण्याला देता येत नाहीत.

तारे तुम्ही वाढवावेत म्हणून हे लिहिलेलं नाही. वाढवू नका, तुमचा तो शनिवार खराब गेला आणि त्यातला बराच वाटा माझा आहे. पण पुन्हा यावंसं वाटलं तर माघी पौर्णिमेच्या जवळपासचे दोन दिवस तुमच्यासाठी धरून ठेवते, पहिल्या रात्रीचं भाडं घेणार नाही. सकाळी साडेपाचला मुलगा दार वाजवेल.

लाडूचा पिवळा चेंडू सुरूच्या झाडांत सापडलाय. कुरियरने पाठवू की तुम्ही येऊन नेणार, तेवढं कळवा.