तेहतिशीनंतर कान मिटतात म्हणे!

गेले काही महिने एक फॉरवर्ड नाशिकच्या ग्रुपांवर फिरतोय. सोसायटीच्या ग्रुपवर आला, शाळेच्या बॅचच्या ग्रुपवर आला, आणि कहर म्हणजे भजनी मंडळाच्या ग्रुपवरही आला. मजकूर साधारण असा: विज्ञानाने सिद्ध केलंय की वयाच्या तेहतिसाव्या वर्षी माणूस नवीन गाणी ऐकणं थांबवतो. चौदाव्या वर्षी जे ऐकलं तेच जन्मभर आवडतं. पुढे मेंदूतलं डोपामाइन, म्हणजे सुखाशी जोडलेलं रसायन, आटतं, अंगावर काटा येत नाही, कानही थकतात. आणि शेवटची ओळ टाळ्या घेणारी: वाईट वाटून घेऊ नका, तसंही हल्ली ऐकण्यासारखं काही निघतच नाही!

मी इंदिरानगरला गाण्याचा क्लास घेते. सकाळच्या बॅचला बहुतेक जण साठीच्या अलीकडचे-पलीकडचे. कोणी ओझरच्या एचएएलमधून निवृत्त, कोणी नोटप्रेसमधून, कोणी शाळेतून. त्यातल्या एका काकांनी हा मजकूर मला पाठवून खाली लिहिलं, "मॅडम, मग पुढच्या महिन्याची फी भरायची की नाही?" थट्टा होती, कळलं. पण गोष्ट फीवर आली म्हटल्यावर उत्तर द्यायलाच हवं.

"तेहतिसाव्या वर्षी माणूस नवीन गाणी ऐकणं थांबवतो."

आकडा हवेतला नाही, हे आधी सांगते. २०१५ साली अजय कालिया यांनी स्पॉटिफाय या गाणी ऐकवणाऱ्या ॲपच्या श्रोत्यांची माहिती तपासून एक विश्लेषण मांडलं. कोणत्या वयाचा माणूस किती लोकप्रिय कलाकार ऐकतो, हे त्यात पाहिलं होतं. विशीच्या आतली मुलं जवळजवळ सगळं गाजणारंच ऐकतात. विशीनंतर ते प्रमाण हळूहळू घसरतं आणि तिशीच्या मध्यापर्यंत घसरण थांबते. 'तेहतीस' तिथून आला.

आता मोजलं काय ते बघा. मोजली ती कलाकाराची त्या वेळची लोकप्रियता. गाणं त्या माणसाने पहिल्यांदा ऐकलं की हजाराव्यांदा, हे मोजलेलंच नाही. घसरणीची कारणं त्या विश्लेषणातच दोन दिली होती. एक, माणसं आपल्या तरुणपणी गाजलेल्या, पण आता यादीतून उतरलेल्या कलाकारांकडे परत जातात. दुसरं, पोरवयात रेडिओवर कधी न भेटलेले संगीतप्रकार त्यांना नव्याने सापडतात. म्हणजे ज्या आकड्याच्या जोरावर 'नवीन ऐकणं थांबलं' म्हणून सांगितलं जातंय, त्याच्या पोटात नवीन ऐकणं सुरू झाल्याचा हिशेबही आहे! फॉरवर्ड करणाऱ्याने तो अर्धा भाग गाळला.

आणखी एक. ती माहिती अमेरिकेतल्या श्रोत्यांची. स्पॉटिफाय भारतात आलं २०१९ च्या फेब्रुवारीत. तेव्हा आपल्या सिडकोतल्या किंवा पंचवटीतल्या कोणाचा कान त्या आकड्यात असणं शक्यच नव्हतं. पंचेचाळिशीतली एखादी बाई आयुष्यात पहिल्यांदा आग्रा घराण्याची नोमतोम, म्हणजे शब्दांऐवजी नोम-तोम अशा अक्षरांतली आलापी, ऐकते आणि थक्क होते. त्या मोजपट्टीवर तिची नोंद कशी होईल? 'लोकप्रियतेपासून दूर गेली' अशी. तिच्यासाठी मात्र त्या दिवशी कानात पडलेलं सगळं कोरं करकरीत असतं. नवीन गाणं म्हणजे गेल्या शुक्रवारी बाजारात आलेलं गाणं, ही व्याख्या गाणी विकणाऱ्यांची आहे. आपण ती का मान्य करायची?

त्याच विश्लेषणात एक गंमत होती, ती कोणी फॉरवर्ड करत नाही: घरात मूल आलं की गाजणाऱ्या गाण्यांशी असलेला संबंध चार वर्षं वय वाढल्याइतका तुटतो. लहान मूल असलेल्या घरात कोणाच्या हातात फोन असतो आणि त्यावर दिवसभर काय वाजतं, हे ज्यांनी भोगलंय त्यांना समजावून सांगायला नको. हा वेळेचा आणि झोपेचा प्रश्न आहे, कानाचा नाही.

"चौदाव्या वर्षी ऐकलेलंच जन्मभर आवडतं."

यात तथ्य आहे, आणि ते नाकारण्यात शहाणपण नाही. सेठ स्टीफन्स-डेव्हिडोविट्झ यांनी २०१८ साली न्यूयॉर्क टाइम्समध्ये असंच एक विश्लेषण लिहिलं. जुनी गाजलेली गाणी आज कोणत्या वयाचे लोक सर्वांत जास्त ऐकतात, ते पाहिलं. पुरुषांच्या बाबतीत ते गाणं आलं तेव्हा त्यांचं वय साधारण चौदा असल्याचं निघालं, बायकांच्या बाबतीत तेरा. पण १९८९ साली हॉलब्रुक आणि शिंडलर या दोन अभ्यासकांनी वेगवेगळ्या वयाच्या माणसांना जुन्या-नव्या गाण्यांचे तुकडे ऐकवून हाच प्रश्न तपासला, तेव्हा आवडीचं शिखर चोविशीच्या आसपास आलं. तेरा, चौदा की चोवीस? मधल्या दहा वर्षांत माणूस शाळेतून लग्नाच्या वयाला येतो. कशाने मोजता यावर आकडा बदलतो, एवढं तरी मान्य करा.

मला यापेक्षा महत्त्वाचा वाटतो तो २०१३ चा कॅरल क्रुमहान्सल आणि जस्टिन झुपनिक यांचा अभ्यास. विशीतल्या मुलांना त्यांनी वेगवेगळ्या दशकांतली गाणी ऐकवली. आपल्या काळातली गाणी त्यांना जवळची वाटली, यात नवल नाही. पण त्यांचे आईवडील तरुण असतानाच्या काळातल्या गाण्यांशीही या मुलांच्या आठवणी आणि भावना जुळलेल्या निघाल्या. तेव्हा तर ती जन्मलीही नव्हती! आपल्याकडे यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. पिंपळपारावरच्या पाडवा पहाटेला आजोबांच्या शेजारी सतरंजीवर पेंगणारं पोर पुढे तीच नाट्यपदं आपली म्हणून गुणगुणतं. म्हणजे आवड चौदाव्या वर्षी सुरूही होत नाही आणि तिथे संपतही नाही.

संपत नाही याचा दाखला तर आपल्याच गावात आहे. विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं तेव्हा ते तिशीच्याही आत होते. ख्यालगायकीचं शिक्षण घराघरांत नेणारा हा माणूस पन्नाशीच्या सुमारास रामनामाकडे वळला, नाशिकला येऊन त्याने रामनाम आधार आश्रम काढला, आणि अखेरची वर्षं भजनात आणि रामधुनीत घालवली. काही जाणकारांना ते रुचलं नाही, ते वेगळं. पण तेहतिशीत मिटलेला कान असा वळत नाही.

"डोपामाइन आटतं, अंगावर काटा येत नाही."

इथे जरा थांबते, कारण हा मुद्दा माझ्या रोजच्या कामाचा आहे.

वयानुसार मेंदूतली डोपामाइनची यंत्रणा मंदावते, हे खरं. पोरवयात गाणं जसं अंगात भिनतं, तसं साठीला भिनत नाही, हेही बहुतेकांच्या अनुभवाचं. २०१३ साली अडीच लाखांहून जास्त लोकांच्या उत्तरांवर आधारलेला एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. वय वाढतं तसं संगीताचं महत्त्व काहीसं कमी होतं आणि ऐकण्याचा वेळ घटतो, असं त्यात दिसलं. पण आवड गोठल्याचं दिसलं नाही. कर्कश, आक्रमक संगीताची ओढ पौगंडावस्थेनंतर ओसरते, आणि पुढच्या वयात शास्त्रीय, जॅझ अशा गुंतागुंतीच्या संगीताची ओढ वाढलेली आढळते.

का वाढते? २०११ साली माँट्रियलच्या प्रयोगशाळेत व्हॅलोरी सालिमपूर आणि सहकाऱ्यांनी आवडीचं गाणं ऐकताना मेंदूत काय होतं ते पाहिलं. डोपामाइन दोनदा स्रवतं: एकदा आवडती जागा येण्याच्या आधी, वाट पाहताना, आणि एकदा ती जागा आल्यावर. म्हणजे काट्याचा अर्धा भाग वाट पाहण्यात आहे. आणि वाट पाहायला काय येणार आहे हे ठाऊक असावं लागतं.

आता विलंबित एकताल घ्या. बारा मात्रा, आणि लय इतकी संथ की एक आवर्तन, म्हणजे तालाचा एक पूर्ण फेरा, सहज मिनिटभर चालतं. नवख्याला त्या मिनिटात धरायला काहीच नसतं, म्हणून तो कंटाळतो. त्यात त्याचा दोष नाही. आमच्या सकाळच्या बॅचचंही सुरुवातीला हेच होतं. हातावर टाळी देत मात्रा मोजायची सवय लागली की हळूहळू दहाव्या मात्रेवरचं तबल्याचं तिरकिट कानाला टोचायला लागतं. पुढे धी, ना, आणि सम, म्हणजे पुढच्या फेऱ्याची पहिली मात्रा! गायक आलाप करत कुठेतरी दूर निघून गेलेला असतो, तिरकिट वाजतं, हा माणूस वेळेत परत येतो की नाही या धास्तीने आपण खुर्चीत पुढे सरकतो, आणि तो मुखडा, म्हणजे बंदिशीची पहिली ओळ, उचलून नेमका समेवर उतरतो. कालिदास कलामंदिरात त्या क्षणी मानांची जी एकदम हालचाल होते, ती ठरवून होत नाही. एकसष्टाव्या वर्षी पहिल्यांदा सम पकडणाऱ्या माणसाच्या चेहऱ्यावर काय होतं ते मी पाहिलंय. चौदा वर्षांच्या, तालाशी ओळख नसलेल्या मुलाला तो काटा येऊच शकत नाही. त्याच्याकडे डोपामाइन भरपूर असेल, पण वाट कशाची पाहायची हे त्याला माहीत नाही.

हाच प्रकार मारवा रागाचा. पंचम (प) नाही, रिषभ (रे) कोमल, आणि षड्ज (सा) लवकर हाती लागू देत नाहीत. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला 'काहीतरी चुकतंय' असंच वाटतं. चार-सहा वेळा ऐकल्यावर त्याच अस्वस्थपणाची चटक लागते. माझ्या विद्यार्थ्यांपैकी सगळ्यांना लागते असं नाही. काहींना भूप रागच पुरतो, आणि भूप पुरणं हाही काही गुन्हा नव्हे.

शिवाय सालिमपूर यांच्याच गटाने २०१३ साली लोकांना कधीच न ऐकलेली गाणी ऐकवून कोणत्या गाण्यासाठी किती पैसे मोजाल असं विचारलं. जे गाणं जास्त आवडलं तिथे मेंदूतलं सुखाचं केंद्र जास्त जागं झालं. अनोळखी गाण्यानेही ते होतं, ओळखीच्याच गाण्यावर ते अवलंबून नाही.

"कानही थकतात."

थकतात. या ओळीशी माझं भांडण नाही, फक्त ती फॉरवर्डमध्ये अर्धवट आहे. वयाबरोबर आधी वरच्या पट्टीतले, बारीक आवाज जातात. तंबोऱ्याची जवारी, म्हणजे तारांचा तो झणझणीत गुंजारव, मंद वाटू लागते, झांज बोथट होते, शब्दांतले स, श, त, क निसटतात. गाण्याचा मूळ स्वर मात्र त्याच्या खालच्या पट्टीत असतो, तो बराच काळ नीट ऐकू येतो. म्हणूनच नव्या गाण्याचे 'शब्दच कळत नाहीत' ही तक्रार बऱ्याचदा गाण्याबद्दल नसून कानाबद्दल असते. दुसरी भानगड अशी की असा कान हळू आवाज पकडत नाही, पण मोठा आवाज त्याला पटकन असह्य होतो. डीजेच्या भिंतीसमोर आजोबा कान झाकतात ते संस्कृतीच्या काळजीने असतीलही, पण त्यांना खरोखर दुखतही असतं.

आणि हे सगळं वयाने होतं असं नाही. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत प्रेसवर वर्षानुवर्षं उभ्या राहिलेल्या माणसाचा कान चाळिशीतच चार हजार हर्ट्झच्या आसपास मार खाल्लेला असतो. आपल्या नाशिक ढोलाचा मला अभिमान आहे. पण पथकात वाजवणाऱ्या मुलामुलींनी कानात बोळे घालावेत, हे मी दर गणपतीत सांगते आणि दर गणपतीत कोणी ऐकत नाही. ८५ डेसिबलच्या वर तासन्‌तास राहणं कानाला घातक असतं, आणि पथकाच्या मध्यभागी आवाज त्याच्या पुष्कळ वर असतो. पंचविशीतच कान गमावून बसलेल्याला तेहतिशीची वाट पाहायची गरजच नाही. साठीच्या मंडळींनी मात्र एकदा ऑडिओग्राम, म्हणजे ऐकू येण्याची तपासणी, काढून घ्यावा. क्लासमधल्या एका ताईंना श्रवणयंत्र लागल्यावर तंबोरा 'नवा आणला का' असं त्यांनी विचारलं होतं.

"तसंही हल्ली ऐकण्यासारखं काही निघतच नाही."

बाळकृष्ण विश्वनाथ केसकर १९५२ साली माहिती व नभोवाणी मंत्री झाले. हिंदी सिनेमातली गाणी हलकी, पाश्चात्त्य वळणाची, असं त्यांचं मत, आणि त्यांच्याच काळात ती गाणी आकाशवाणीवरून जवळपास हद्दपार झाली. लोकांनी रेडिओचा काटा श्रीलंकेतल्या रेडिओ सिलोनकडे वळवला, तिथे अमीन सयानींची गीतमाला सुरू झाली, आणि शेवटी १९५७ च्या ३ ऑक्टोबरला सरकारलाच विविध भारती काढावी लागली. म्हणजे आज आपले काका ज्या गाण्यांना सुवर्णयुग म्हणतात, ती गाणी त्या काळच्या एका सुसंस्कृत, मराठी, संगीतप्रेमी मंत्र्याला ऐकवत नव्हती. त्या दशकातली पडेल गाणीही ढिगाने होती. ती कोणी लावत नाही, म्हणून ती नव्हती असं आपल्याला वाटतं. आजची गाणी मात्र गाळून आपल्यापर्यंत येत नाहीत, सगळीच्या सगळी एकदम येतात, आणि रिक्षात तर न विचारता येतात.

हल्लीच्या गाण्यांत मला खटकणाऱ्या गोष्टी आहेत. आवाज यंत्राने इतका सरळ करतात की मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर अलगद सरकणं, मरते. पण आमच्या बॅचमधल्या एका आजी नातवाचं मराठी रॅप फोनवर घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "बाई, याला ताल आहे का हो?" आम्ही टाळ्या देऊन पाहिलं. आठ मात्रांचं केरव्याचं आवर्तन स्वच्छ बसलं, आणि पोरगं मधे मधे समेच्या किंचित आधी शब्द टाकत होतं, तेही मुद्दाम. आजींनी तो तुकडा तीनदा ऐकला. शब्द मात्र त्यांना अजिबात पटले नाहीत, आणि त्या बाबतीत मी त्यांच्याच बाजूची आहे.