फातिमाचं चॅपेल बांधलं कुणी?

मे महिन्याची तेरा तारीख जवळ आली की एक मजकूर फिरू लागतो. म्हणे, पोर्तुगालमधल्या फातिमाला 1917 साली मरियामातेचं दर्शन झाल्याची गोष्ट चर्चनेच तीन मुलांना पढवली, लगेच तिच्यावर शिक्कामोर्तब केलं, यात्रेकरूंच्या पैशासाठी तिथे चॅपेल, म्हणजे छोटं प्रार्थनामंदिर, उभारलं आणि आता हे सगळं मानणं कॅथलिकांना सक्तीचं आहे. वसईत, गोव्यात फातिमामातेला मानणारी घरं पुष्कळ, त्यामुळे तो आपल्यापर्यंतही पोचतो. दर्शन खरं की नाही, हे ज्याचं त्याने ठरवावं. चॅपेलची हकीकत मात्र नोंदलेली आहे.

आधी पैशाचं बघू. ल्युसिया, फ्रान्सिस्को आणि जसिंता ही मेंढरं राखणारी मुलं. कोवा द इरियाच्या माळावर ज्या ठेंगण्या ओकवर माता दिसते असं ती सांगत, त्याच्या बुंध्याशी लोक नाणी ठेवू लागले. मारिया कारेरा या जवळच्याच गावातल्या बाईंनी ती गोळा केली आणि फातिमाच्या फादरांकडे नेली. फादरांनी घेतली नाहीत! इथे चॅपेल बांधा, असा मातेचा निरोप मुलांनी ऑक्टोबरमध्ये सांगितला. 1919 मध्ये एका स्थानिक गवंड्याने दगड-चुन्यात कौलारू चॅपेल उभं केलं, जेमतेम एका लहान खोलीएवढं. पैसा भाविकांचा होता, आणि बिशपांचा आदेश कुठेच नव्हता. तिथे मिस्सा, म्हणजे फादरांनी करायची मुख्य उपासना, करायला परवानगी मिळाली ती थेट ऑक्टोबर 1921 मध्ये. कमाईसाठी बांधलेल्या चॅपेलात चर्च दोन वर्षं मिस्साच होऊ देत नाही, हे कसं जुळवायचं? आजच्या फातिमात मोठा पैसा येतो, त्याचा हिशेब जरूर मागावा. पण तो प्रश्न वेगळा.

मुलांना पढवलं म्हणावं, तर त्याच फादरांनी त्यांची उलटतपासणी केली आणि हा सैतानाचा खेळ असू शकतो, अशी शंका बोलून दाखवली. ल्युसियाच्या आईने पोरगी खोटं बोलते म्हणून तिला मारलं. सरकार तर चर्चच्या विरोधातलं. फातिमा ज्यात येतं त्या ओरें तालुक्याचा सरकारी प्रशासक आर्तुर द ओलिव्हेरा सांतोस 13 ऑगस्टला मुलांना घेऊन गेला, अडकवून ठेवलं, धमकावलं. मुलांनी आपलं सांगणं बदललं नाही. एवढ्यावरून दर्शन सिद्ध होत नाही, पण पढवणारं कोण होतं, हे मजकूर लिहिणाऱ्याने दाखवायला हवं.

आणि 'लगेच'? बिशपांनी चौकशी नेमली 1922 मध्ये आणि दर्शनं विश्वासार्ह असल्याचं जाहीर केलं 13 ऑक्टोबर 1930 रोजी. तेरा वर्षं गेली. तोवर फ्रान्सिस्को आणि जसिंता आजारपणात वारलेही होते.

सक्तीचं म्हणाल, तर चर्चच्या धर्मशिक्षणाच्या ग्रंथातच लिहिलं आहे: अशी खासगी प्रकटीकरणं, म्हणजे कुणा व्यक्तींना झालेली दर्शनं वा मिळालेले संदेश, चर्चने मान्य केली तरी ती श्रद्धेच्या मूळ ठेव्याचा भाग होत नाहीत. फातिमा न मानणाराही पुरता कॅथलिक असतो.

आता फातिमामातेला मानणाऱ्या आपल्याच लोकांना एक सांगायचं आहे. 6 मार्च 1922 च्या पहाटे चॅपेल बॉम्बने उडवलं, 'आत असलेल्या मूर्तीला ओरखडाही आला नाही', असं काहीजण अभिमानाने पुढे पाठवतात. त्या रात्री मूर्ती चॅपेलमध्ये नव्हती. मारिया कारेरा ती रोज संध्याकाळी घरी नेऊन ठेवत, म्हणून ती वाचली. चमत्काराच्या नावाखाली त्या बाईंची राखण पुसून टाकू नका.