ईओडीपर्यंत शहाणे व्हा

इंग्रजी कच्चं आहे म्हणून ऑफिसात आपलं अडतं, असं वाटत असेल तर तो गैरसमज आधी काढून टाका. अख्खी वाक्यं येण्याची काही गरज नाही. चार कॅपिटल अक्षरं ठोकता आली की झालं. ज्याच्या मेलमध्ये शब्द कमी आणि अक्षरं जास्त, त्याचा पगार जास्त, असं खुशाल धरून चाला.

पथ्य एकच. अर्थ विचारायचा नाही. मीटिंगमध्ये कोणी ‘केआरए’ म्हणालं की कपाळाला बारीकशी आठी घालून ‘हं’ म्हणायचं. निम्मी खोली तेच करत असते. मी हे पथ्य मोडलं होतं. नोकरीच्या पहिल्याच महिन्यात मेलमध्ये ‘पीएफए’ दिसलं, म्हणजे पीएफचंच काहीतरी असणार म्हणून मी तडक अकाउंट्समध्ये गेलो आणि किती कापणार म्हणून विचारलं. तिथल्या बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. ‘अहो, प्लीज फाइंड अटॅच्ड!’ आता त्या मेलला काहीही जोडलेलं नव्हतं, हा भाग वेगळा. हसले मात्र मलाच.

शेजारच्या टेबलावरच्या पोराचं तर फारच वाईट झालं. गडी एटीकेटीच्या कृपेने इंजिनिअर झालेला. सोमवारी सकाळी मेल आला : ‘तुझी केटी आजपासून सुरू.’ पोराचा चेहरा पांढराफटक. डिग्री फ्रेम करून भिंतीवर टांगलीय आणि आता कुठला विषय राहिला? सोडून जाणारा माणूस नव्याला काम समजावून देतो त्याला इथे केटी म्हणतात, नॉलेज ट्रान्सफर, हे आम्ही त्याला जेवणाच्या सुट्टीपर्यंत सांगितलं नाही.

‘ईओडी’ तर हुकमी एक्का. दिवस संपायच्या आत. कोणाचा दिवस, हे लिहायचं नाही, मजा त्यातच आहे. न्यूयॉर्कचा साहेब पाच वाजता लॅपटॉप मिटतो तेव्हा पुण्यात उन्हाळ्यात रात्रीचे अडीच वाजलेले असतात, हिवाळ्यात साडेतीन. म्हणजे तुमचा दिवस संपून दुसरा लागला तरी त्याचा ईओडी व्हायचाच असतो. ‘एएसएपी’चा अर्थ : हे आठ दिवस माझ्याकडे पडून होतं, आता तुम्ही पळा. ‘एफवायआय’ म्हणजे, उद्या बोंब झाली तर तुम्हालाही माहीत होतं बरं का. आणि ‘सीसी’ म्हणजे कार्बन कॉपी. कार्बन गेला, टाइपरायटर गेला, हात काळे व्हायचे तेवढे राहिले.

घरी ही विद्या जपून वापरा. ‘मला पीआयपीवर टाकलंय’ असं एकाने आईला सांगितलं, तर माउलीने व्हीआयपीच्या पुढचं काहीतरी समजून शेजारी पेढे वाटले. काम सुधारा, नाहीतर घरी बसा, असा त्याचा अर्थ तिला कोण सांगणार?

एखादं चुकलं तरी खचू नका. ब्रिटनचे तेव्हाचे पंतप्रधान डेव्हिड कॅमेरन मेसेजखाली ‘एलओएल’ लिहायचे, ‘लॉट्स ऑफ लव्ह’ समजून. त्याचा अर्थ मोठ्याने हसणं असा होतो, हे त्यांना सांगावं लागलं. २०१२ साली तिथल्या वृत्तपत्रांच्या कारभाराची जी लेव्हसन चौकशी झाली, तिच्यात माजी संपादक रिबेका ब्रूक्स यांच्या साक्षीत हे बाहेर आलं. तोवर देश चालतच होता ना?

आणि घरातल्या वडीलधाऱ्यांनी ‘काय ही तुमची भाषा’ म्हणून नाक मुरडलं, तर वाद घालू नका. माळ्यावरची ट्रंक उघडा. आजोबांनी व्याह्यांना लिहिलेलं एखादं कार्ड सापडेलच. वर ‘सा.न.वि.वि.’, खाली ‘क.लो.अ.’, आणि मधल्या दोन ओळींत मानपानाबद्दलची धुसफूस. नमस्कारही आखडता आणि लोभही आखडता! आपण फक्त लिपी बदलली. शिवाय ‘जे१ झालं का?’ असा मेसेज रोज दुपारी न चुकता पाठवणाऱ्या काकूंना आता कोणी नावं ठेवायची?

ता.क. : ऑफिसात लागणाऱ्या सगळ्या अक्षरांची अर्थासह यादी सोबत जोडली आहे. पीएफए.