खुलासा : माउझरच्या मुठीवरचा लाल ९
माउझर सी-९६ या जुन्या जर्मन पिस्तुलाच्या मुठीवर कोरलेला लाल ९ म्हणजे त्यात मावणाऱ्या गोळ्यांची संख्या, असं सांगणारा फोटो सध्या फिरतोय. ते चूक आहे. नेहमीच्या सी-९६मध्ये १० गोळ्या बसतात. मूळ पिस्तूल ७.६३ मिमी व्यासाच्या गोळीचं, पण पहिल्या महायुद्धात, १९१६मध्ये, जर्मन सैन्याने ९ मिमी पॅराबेलम गोळीची दीड लाख पिस्तुलं मागवली. दिसायला दोन्ही सारखीच, म्हणून सैनिकाने चुकीची गोळी भरू नये यासाठी तो ठळक आकडा.

त्याच फोटोखाली ‘७.६३च्या माउझरला तोकारेवची ७.६२ गोळी चालते’ असंही लिहिलंय (तोकारेव हे सोव्हिएत पिस्तूल). हे मात्र जिवावर बेतू शकतं. ती गोळी आत बसते, धोका तिथेच आहे : तिचा दाब बऱ्याचदा जास्त असतो, आणि पिस्तूल शंभर वर्षांचं. कृपया ती भरू नका.