क्लिचकोचं वय हातांत नाही, पायांत दिसतंय

मंडळी, बॉक्सिंगशी देणंघेणं नसलेल्यांनी इथूनच पुढे सरका. पोस्ट लांब आहे.

आज शनिवार, २९ एप्रिल २०१७. आपल्याकडे पहाटेचे दोन-अडीच वाजतील तेव्हा लंडनच्या वेम्ब्लीवर नव्वद हजार लोकांसमोर युक्रेनचा माजी हेवीवेट जगज्जेता व्लादिमिर क्लिचको रिंगमध्ये उतरेल. वय ४१. समोर अँथनी जोशुआ, वय २७, १८ लढती आणि अठराच्या अठरा नॉकआउट. क्लिचकोनं अटलांटात ऑलिम्पिक सुवर्ण घेतलं १९९६ ला, तेव्हा हा पोरगा सहा वर्षांचा होता. पुढे २०१२ ला लंडनमध्ये त्यानंही तेच पदक घेतलं, त्याच वजनगटात. आयबीएफ या जागतिक संघटनेचा बेल्ट, म्हणजे जगज्जेतेपदाचा पट्टा, जोशुआकडे आहेच, डब्ल्यूबीए या दुसऱ्या संघटनेचा रिकामा पडलेला बेल्टही आज पणाला आहे.

आठवडाभर आमच्या ग्रुपवर एकच नाव चाललंय: जॉर्ज फोरमन. १९९४ मध्ये पंचेचाळिसाव्या वर्षी त्यानं २६ वर्षांच्या मायकेल मूररला दहाव्या फेरीत आडवा केला, मग क्लिचको तर एक्केचाळीसचाच आहे, वगैरे. मला हे उदाहरण इथे अजिबात पटत नाही. फोरमन त्या रात्री पायांवर लढलाच नाही. खांबासारखा उभा राहिला, नऊ फेऱ्या मार खाल्ला, तिन्ही पंचांच्या कागदावर मागे होता, आणि एका उजव्या ठोशात हिशोब मिटवला. ठोसा हा म्हातारपणी सगळ्यात शेवटी जातो. क्लिचकोचाही गेलेला नाही, ५३ नॉकआउट काही उगाच नाहीत. पण त्याचा सगळा खेळ ठोशावर कधी नव्हताच. तो अंतर राखण्यावर आहे.

त्याचा जुना कुठलाही सामना काढून बघा. डावा ग्लोव्ह पुढे लांबवलेला, आंधळा माणूस भिंत चाचपतो तसा समोरच्याच्या कपाळापाशी फिरतोय. जरा कोणी पुढे आला की जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा सरळ ठोसा. त्याच्याही पुढे आला की अर्धं पाऊल मागे. तरीही घुसलाच, तर गळ्यात हात टाकून शंभर-सव्वाशे किलोचं ओझं मानेवर. आपल्या तालमीत मानेवर वजन टाकून दमवतात ना, अगदी तसं. प्रेक्षक जांभया द्यायचे, मीही दिल्यात. पण हे सगळं त्याला त्याचे प्रशिक्षक इमॅन्युएल स्टुअर्डनं शिकवलं ते मारच खाऊन झाल्यावर. २००३ ला कॉरी सँडर्सनं आणि २००४ ला लॅमन ब्रूस्टरनं त्याला झोपवला होता, लोकांनी 'काचेची हनुवटी', म्हणजे ठोसा न सोसणारा, म्हणून मोडीत काढला होता. २००५ ला सॅम्युएल पीटरनं तीनदा खाली पाडलं, तरी उठून गुणांवर जिंकला. आणि २००६ ते २०१५, साडेनऊ वर्षं जगज्जेतेपदाचा किताब कोणाला दिला नाही.

या सगळ्याचं इंजिन म्हणजे ते मागे जाणारं अर्धं पाऊल. नेमकं तेच आता उशिरा पडतं का, हा खरा प्रश्न आहे.

नोव्हेंबर २०१५, डसेलडॉर्फ. टायसन फ्युरीसमोर तो किताब गेला, त्यानं बारा फेऱ्यांत जेमतेम पन्नासेक ठोसे लावले. बारा फेऱ्यांत! फ्युरी हात पाठीमागे बांधून तोंड पुढे करत होता आणि हा बघत होता. लोक म्हणाले, घाबरला. मला तसं वाटत नाही. मी चव्वेचाळीसचा आहे. गेल्या रविवारी सोसायटीच्या मॅचमध्ये स्लिपला उभा होतो, टेनिस बॉल, सरळ छातीवर आलेला सोपा झेल. चेंडू बॅटला लागलेला स्वच्छ दिसला, 'आला' असं मनात म्हणूनसुद्धा झालं, आणि तळवे जुळले तेव्हा चेंडू छातीवर आपटून खाली पडलेला होता. पोरं हसली. त्या रात्री क्लिचकोचं असंच काहीसं झालं असावं. त्याला फट दिसत होती, पण हात निघेपर्यंत ती बुजत होती. असं चार वेळा झालं की पाचव्यांदा माणूस हात काढायचंच सोडून देतो.

त्यात भर म्हणजे सतरा महिन्यांची सुट्टी. ती त्यानं मागितलेली नव्हती, फ्युरीबरोबरची परतीची लढत दोनदा ठरून दोनदा बारगळली. एक्केचाळिसाव्या वर्षी सतरा महिने म्हणजे काय, ते गुडघ्यांना विचारा.

मग सगळं संपलंच का? नाही. म्हणूनच फोरमनऐवजी जुना जगज्जेता लॅरी होम्स आठवा. तोही जॅबवर जगलेला माणूस. १९८८ ला माइक टायसननं त्याला चौथ्या फेरीत उडवला, तेव्हा सगळ्यांनी हात जोडून निरोप दिला होता. तोच होम्स १९९२ च्या फेब्रुवारीत, ४२ वर्षांचा असताना, रे मर्सरसमोर उभा राहिला. मर्सर सोल ऑलिम्पिकचा सुवर्णपदकविजेता, एकही हार नाही, १८ पैकी १८ विजय. आकडा ओळखीचा वाटतोय ना? पाय साथ देणार नाहीत हे होम्सला माहीत होतं, म्हणून त्यानं पळायचा नादच सोडला. पाठ दोरांना लावली, मर्सरला जवळ बोलावलं आणि तो आला की उजवा. गुणांवर सरळ जिंकला. (चार महिन्यांनी होलीफील्डसमोर किताबाला उभा राहिला आणि हरला, तेही सांगून टाकतो, नाहीतर कमेंटमध्ये कोणीतरी येईलच.)

क्लिचको हे करेल का? स्टुअर्ड २०१२ मध्ये गेले. कॉर्नरला, म्हणजे फेऱ्यांमध्ये सल्ला द्यायला, आता जोनाथन बँक्स आहे, आणि फ्युरीच्या लढतीतही तोच होता. त्या रात्री कॉर्नरमधून काही फरक पडलेला दिसला नाही.

जोशुआही लोक समजतात तितका अभेद्य नाही. डिलियन व्हाइटच्या डाव्या हुकनं, म्हणजे बाजूनं वळून येणाऱ्या ठोशानं, दुसऱ्याच फेरीत त्याचे पाय लटपटले होते. सातव्या फेरीपुढे तो आजवर गेलेलाच नाही. कारकीर्दीत एकूण ४४ फेऱ्या, क्लिचकोच्या साडेतीनशेच्या वर. काल वजन झालं तेव्हा जोशुआ ११३ किलोंच्या वर भरला, क्लिचको १०९. एवढे स्नायू आठव्या फेरीत प्राणवायूही तेवढाच मागतात. शिवाय क्लिचकोनं त्याला २०१४ ला ऑस्ट्रियातल्या कॅम्पमध्ये सरावाला घेतलं होतं, म्हणजे पोराचा हात त्याच्या ओळखीचा आहे. अर्थात ओळख दोन्हीकडून झाली असणार.

परवाच्या पत्रकार परिषदेत क्लिचकोनं सांगितलं, निकालाचं भाकीत त्यानं एका यूएसबी स्टिकवर रेकॉर्ड करून रिंगमध्ये येताना घालायच्या झग्यात शिवून घेतलंय. असली नाटकं तो पूर्वी करत नसे. मला ते जरा काळजीचंच वाटलं.

माझा अंदाज: शंभरात पस्तीस टक्के क्लिचको. जिंकला तर आठव्यानंतर, पोरगा धापा टाकायला लागल्यावर. हरला तर पाचव्या-सहाव्याच्या आसपास, मागे सरताना, सरळ रेषेत. मनानं मी त्याच्याच बाजूनं आहे, पण पैज लावायची तर जोशुआवर लावीन.

दोनचा गजर लावलाय. पहिल्या तीन फेऱ्या मी फक्त क्लिचकोचे उजवे मोजणार. लागलेले नाही, नुसते मारलेले. पाचापेक्षा कमी भरले तर टीव्ही बंद करून झोपतो, उद्या सकाळी निकाल तुम्हीच सांगा.