आंब्यावरची ब्राखा कोणत्या भाषेत म्हणावी?

ठाण्यातल्या माझ्या नातेवाइकांत सध्या मतभेद आहे तो असा: खाण्यापूर्वीच्या ब्राखा, म्हणजे देवाला धन्य म्हणणारी छोटी वचने, मुलांनी देवनागरीत लिहिलेल्या हिब्रूवरून वाचाव्यात की मराठीतून म्हणाव्यात? मामांच्या मते हिब्रू सुटली तर बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणारे ज्यू, म्हणून आपल्यापाशी फारसे काही उरणार नाही. मावसबहीण म्हणते की अर्थ न कळता नुसते ओठ हलवणे ही प्रार्थना नव्हे. मी इस्राएलमधल्या अश्दोदला राहते, जिथे भाजीवालाही हिब्रू बोलतो, त्यामुळे मी मामांची बाजू घेईन असे दोघांनी गृहीत धरले होते.

माझे मत वेगळे आहे, आणि त्याला शास्त्राचा आधार आहे. तलमूद या ज्यू धर्मशास्त्राच्या ग्रंथातील ब्राखोत या भागात बिन्यामीन नावाचा एक मेंढपाळ येतो. भाकरी खाऊन तो रोजच्या अरामी बोलीत, या भाकरीचा दयाळू धनी धन्य असो, एवढेच म्हणाला आणि राव नावाच्या रब्बींनी, म्हणजे धर्मशास्त्र्यांनी, ते मान्य केले. तिथेच पुढे चर्चा आहे ती देवाचे नाव आणि त्याचे राजेपण वचनात असण्याची. सोटा भागातील मिश्ना, म्हणजे तलमूदाचा मूळ नियमपाठ, तर जेवणानंतरची प्रार्थना कोणत्याही भाषेत चालते असे स्पष्ट सांगते. मात्र ती भाषा म्हणणाऱ्याला समजली पाहिजे.

भाषा येत असली म्हणजे वचन समजतेच असे नाही, हे मला इथे येऊन कळले. माझा मुलगा शाळेतून अचूक हिब्रू ब्राखा शिकून आला, पण मलिद्याच्या, म्हणजे आमच्या देवाचे आभार मानण्याच्या विधीच्या, ताटातल्या नारळाला झाडाचे फळ आणि केळ्याला भूमीचे फळ का म्हणायचे, हे त्याला ठाऊक नव्हते. केळीचे खोड घड देऊन मरते आणि मुळातून नवे उगवते, म्हणून शास्त्र तिला झाड मानत नाही. माझ्या आजीने हे मला परसात केळीजवळ उभे करून मराठीत सांगितले होते, आणि त्यानंतर केळे हाती घेताना ते खोड आठवले नाही असे कधी झाले नाही.

दोन्ही भाषांत म्हणावे, ही घरातल्या काहींनी सुचवलेली तडजोड मात्र चालणार नाही. एकाच घासासाठी देवाचे नाव दुसऱ्यांदा घेणे म्हणजे व्यर्थ ब्राखा, आणि शंका असेल तर ब्राखा न म्हणणेच बरे, इतका हा नियम कडक आहे. मामांचा एक मुद्दा मला पूर्ण मान्य आहे: सिनेगॉगमध्ये कुठूनही आलेल्या माणसाला आमेन म्हणता यावे, म्हणून तिथे हिब्रूच हवी. घरात आधी अर्थ मराठीत सांगावा आणि मग वचन एकदाच, मुलाला जी भाषा कळते तीत म्हणू द्यावे.

यंदाचा पहिला हापूस कापण्यापूर्वी, आम्हाला जिवंत राखून या वेळेपर्यंत पोहोचवणाऱ्या देवाला धन्य म्हणणारे हंगामाचे वचन भाचीने मराठीत म्हटले. फोनवर मी ऐकत होते. आमेन सर्वांत आधी मामांनी म्हटले.